क्लचची केबल आणि वन्संचा पाय

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवण्यात त्यांचा उभा जन्म गेला. शिवण उलटी करून पाहिली तरी सुलटीइतकीच देखणी दिसायची. खोड एकच. सुटलेला दोरा दिसला की त्यांना चैन पडत नसे. पाहुण्याच्या बाहीचा लोंबणारा दोरा त्यांनी बोलता बोलता कातरलेला मी पाहिला आहे. पाहुणा बिचारा हात वर करून उभा!

हे गेल्यावर ह्यांची जुनी मोटार वन्संनी हाती घेतली. बाजारहाट, दवाखाना, मैत्रिणी, सगळं त्या मोटारीतून. एकदा भर चौकात क्लच दाबला आणि पेडल तळाला जाऊन बसलं. केबल तुटली होती. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी नवी घातली. काही आठवड्यांत तीही तुटली. केबल कुठे घासते का, वाकते का, हे मिस्त्रींनी नीट पाहिलं, पेडलचा दांडा तपासला आणि पुन्हा नवी घातली. तिनेही मान टाकली.

मग सगळ्यांचं बोट वन्संच्या पायाकडे वळलं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, म्हणाला, आई क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवते, दुसरं काय होणार? त्याने चावी खिशात टाकली आणि गाडीला गिऱ्हाईक बघायला लागला. वन्संनी वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून जिना उतरतानाही त्या स्वतःच्या पायाकडे बघू लागल्या. ते मला बघवेना. विकण्याआधी एकदा शेवटचं बघा, म्हणून मीच मिस्त्रींना बोलावलं.

नवी केबल जोडून मिस्त्री बॉनेटखाली वाकले. भाचा गाडीत बसला आणि त्यांच्या सांगण्यावरून स्टार्टर मारू लागला. इंजिन कुरकुरत होतं, लागत नव्हतं. एवढ्यात केबलमधून धूर निघाला. मिस्त्रींनी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पेडलला कोणाचा पाय लागलाच नव्हता!

मिस्त्रींनी समजावलं ते असं. इंजिन रबरावर बसवलेलं असतं. स्टार्टरची वीज बॅटरीकडे परत जायला इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची एक जाड वेणी लागते. ती इथे नव्हतीच. मग सगळी वीज बारीक क्लच केबलमधून धावायची आणि केबल आतून जळायची.

भाचा खाली उतरला तो तापूनच. इंजिन शेवटचं तुम्हीच खोललं होतं ना, म्हणून त्याने मिस्त्रींना धारेवर धरलं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. "राहिली असेल माझ्या हातून," ते म्हणाले. "आठवत नाही बघा."

"तुमच्या हातून नाही," वन्सं म्हणाल्या. "मी कातरली."

त्यांनी बॉनेटखाली बोट दाखवलं.

"इंजिन पुसत होते. ती वेणी एका टोकाला उसवली होती, दोरे लोंबत होते. उरलेलं काहीतरी असेल असं वाटलं. मोठ्या कात्रीने दोन्हीकडून साफ केलं."

"आई, गाडीचं इंजिन आहे ते! गादीचं कव्हर नाही!"

इतके दिवस पायाला दोष देणारे आम्ही, आणि आता हा हात! गप्प बसल्या असत्या तर चावी मिळाली असती, हे वन्संना कळत नव्हतं असं नाही.

मिस्त्री गेले आणि नवी वेणी घेऊन आले. दोन्हीकडचा गंज खरवडून त्यांनी ती घट्ट आवळली आणि भाच्यापुढे हात पसरला. त्याने चावी दिली. मिस्त्रींनी ती वन्संच्या हातात ठेवली.

"बाई, कात्री सोडून काहीही चालवा."

वन्संनी स्टार्टर मारला. मी भीत भीत केबलला बोट लावलं. गार होती. बॉनेट लावून तसं सांगायला मान वर केली तर त्यांनी रिव्हर्स टाकलाही होता.

"वहिनी, पाय सांभाळ," त्या खिडकीतून म्हणाल्या. "ए, फाटक उघड."

भाचा काहीतरी पुटपुटला आणि फाटकाकडे गेला.