प्रागचे आवाज काढणारा भगवान

भगवान गायसमुद्रे नेमका कुठला, हे नंदकुमारला कधीच कळलं नाही. मराठवाड्यातला, एवढंच. मुलं किती, तेही त्यानं विचारलं नव्हतं. तुर्भ्याच्या कारखान्यात नंदकुमार हजेरीबाबू, भगवान तिथल्या यंत्रांच्या विजेच्या मोटरी दुरुस्त करणारा. रोज खिडकीतून कार्ड देण्याघेण्यापुरतीच ओळख.

१९८२ साली नंदकुमारनं आयुष्यातलं पहिलं नाटक लिहिलं, तेही नुसतं ऐकायचं. कामगारांच्या स्पर्धेला कॅसेट पाठवायची होती. गोष्ट महायुद्धाआधीच्या प्राग शहरातली. एक घड्याळजी दोन वर्षांनंतरचे आवाज पकडणारं यंत्र बनवतो. त्यात त्याला जर्मन सैनिकांचे बूट ऐकू येतात. मुलीला घेऊन तो पळणार, तेवढ्यात यंत्र जळतं.

आवाजांचं काम भगवाननं आपणहून मागून घेतलं. पत्र्याच्या ट्रेमध्ये खडी घालून त्यानं अख्खी पलटण चालवली. मुलीचं काम टेलिफोनवरच्या सरोजिनीकडे होतं.

"प्राग बघितलंय वाटतं तुम्ही," ती म्हणाली.

"मी अजून गेटवे बघितला न्हाई, बाई."

रविवारी दुपारी टूलरूममध्ये रेकॉर्डिंग झालं. कॅसेट पाचच्या आत वाशीला पोचवायची होती. शेवटच्या प्रवेशात यंत्राच्या आवाजासाठी भगवान एका जुन्या मोटरवर लोड वाढवत गेला. घरघर चढली. आता कडाडून जळण्याचा आवाज हवा होता, तोच त्यानं स्विच बंद केला.

"काय केलंत हे?" नंदकुमार म्हणाला.

"वाइंडिंग जळल्यावानी वास आला."

"जळायचंच आहे ना तिला? नाटक आहे हे."

"नाटक तुमचं हाय, सायेब. मोटर तर खरी हाय."

पंधरा वर्षं असा वास आला की भगवानचा हात स्विचकडे जायचा. तसाच आजही गेला. मोटर गार होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. शेवट तसाच अर्धवट गेला.

महिन्याभरानं कॅसेट परत आली. 'यंत्राचं काय झालं ते कळत नाही,' असा शेरा होता. भगवानला काय काय सुनावायचं, ते नंदकुमारनं मनात जुळवून ठेवलं. भगवानला तळोज्याला नोकरी लागली होती आणि त्याचा इथला तो शेवटचा दिवस. कार्ड जमा करायला तो खिडकीशी आला.

"नाटकाचं काय झालं?"

"परत आलं."

"माझ्यामुळं?"

नंदकुमारनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"नाही हो. त्यांना गोष्टच पटली नाही."

"मग दुसरी लिवा. चहा घेता?"

"नको, हजेरी चढवायचीय."

"बरं. चढवा."