प्लासिडचं पडणं आणि थेरेसाकाकीचा डबा

प्लासिड,

धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, स्मरणिकेसाठी फादरांनी मला गावातल्या एका माणसावर लिहायला सांगितलं आहे. त्यांच्या मनात कोण आहे ते मला ठाऊक आहे. चर्चच्या घंटेला देणगी दिलेले ते गृहस्थ. त्यांच्यावर लिहायला बरेच जण टपलेले आहेत. मी तुझ्यावर लिहिते आहे. तू वाचणार नाहीस, छापलेलं पान पुढे आलं की तुझे डोळे मिटतात, म्हणून तुझ्याशी बोलल्यासारखंच लिहिते. तुझी बायको जॉयस मोठ्याने वाचून दाखवील. मध्येच उठून केळीला पाणी सोडायला जाऊ नकोस.

आता आपल्याकडे निम्मी बिऱ्हाडं नवी. त्यांना तू माहीत आहेस तो चर्चच्या मैदानावर पोरांना कराटे शिकवणारा, करड्या केसांची शेंडी बांधणारा म्हातारा. पूर्वी काय करायचास ते त्यांना सांगायला हवं. तू सिनेमात मार खायचास. कामच ते.

हिंदी सिनेमात कराटेची साथ आली तेव्हाची गोष्ट. तोवर नायक ठोसे मारून भागवायचा. मग व्हिडिओ सेंटरांवर हाँगकाँगचे सिनेमे आले आणि एकाएकी प्रत्येक नायकाला हवेत उडी घेऊन लाथ घालावीशी वाटू लागली. लाथ घालायची तर ती खायला माणसं लागतात. तू विरारला एका शाळेच्या पटांगणावर कराटे शिकला होतास, काळा पट्टा मिळवला होतास. स्टुडिओत भरती आहे म्हणून गेलास, तर नायक व्हायला आलेली पोरं छाती काढून रांगेत उभी. फाइटमास्टरने तुला एवढंच विचारलं, की पडता येतं का. तू कंपाउंडच्या भिंतीवर चढलास आणि पाठमोरा वाळूत पडलास. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू.

तू पडद्यावर कधी अर्ध्या मिनिटाच्या वर टिकला नाहीस. काळे कपडे, कपाळाला पट्टी, खलनायकाच्या मागे उभ्या असलेल्या घोळक्यात डावीकडे. आरोळी ठोकून धावत यायचं, लाथ खायची, उडायचं, पडायचं. पण पडण्यात तुझी बरोबरी नव्हती हे मी सांगते, आणि मी सहसा कोणाची तारीफ करत नाही. खोक्यांवरून, जिन्यावरून, जीपच्या टपावरून, तू अंगात हाडं नसल्यासारखा पडायचास. गावातली पोरं तुला विहिरीच्या कठड्यावरून पेंढ्यात पडून दाखवायला लावायची आणि तूही सांगितल्यासरशी पडायचास.

आगाशीच्या बाजारामागे ते व्हिडिओ सेंटर होतं, आठवतं? सगळे नायकाकडे बघायचे. तू बघायचास ते पडणाऱ्यांकडे. त्यांची नावं पाटीवर कधी आली नसतील, पण तुला चेहरे पाठ. मला सांगायचास, टीचर, हा मघाच्या सिनेमात दुकानदार होता, आता पोलीस झालाय, बघा आता मानेवर येतो की नाही. आणि तो यायचा. नायकांबद्दल तुझं एकच मत होतं. ज्याला खरोखर लाथ मारता येते त्याची लागत नाही, पाय गालाजवळ येऊन थांबतो, वारा तेवढा लागतो. ज्याला येत नाही त्याची लागते. तुझा पुढचा दात कोणाच्या लाथेने गेला ते तू अजून कोणाला सांगितलेलं नाहीस. मलाही नको.

आता थेरेसाकाकी.

तुझी आई तेव्हा पन्नाशीची. आयुष्यात सिनेमा पाहिलेला नव्हता. तुझा एक सिनेमा विरारच्या टॉकीजला लागला तेव्हा तू स्वतः शूटिंगला, म्हणून तिला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात शिकवत होते, तिच्या लेखी सिनेमा कळण्याइतकी शिकलेली मीच. ती लग्नाला निघाल्यासारखी निघाली. नवं लाल लुगडं, गळ्यात सोनं, आणि हातात स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव घातलेलं, आत घरची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी. मुलाचं काम बघताना तोंडात काहीतरी गोड हवं म्हणे.

तू आलास. काकीने शेजारच्या अख्ख्या रांगेला सांगितलं की तो बघा आमचा. पुढच्या क्षणी नायकाची लाथ बसली, तू गोदामातल्या पेट्यांवरून उडालास आणि पलीकडे पडलास. टॉकीजभर शिट्ट्या. काकी पुढे सरकून बसली. तिकडे नायक गाडीत बसला, गाणं सुरू झालं, बर्फ आला, नायिका आली. काकीचे डोळे तसेच. मग तिने माझं मनगट धरलं. तिचं बोलणं आपल्या बोलीतलं, इथे मी ते सोपं करून लिहिते आहे.

"तो अजून उठला नाही?"

मी सांगितलं, काकी, आता त्याला नाही दाखवणार, त्याचं काम संपलं.

"संपलं कसं? पडलाय तो. कोणी बघायला पण गेलं नाही."

माझं एम.ए. त्या अंधारात काही उपयोगाचं नव्हतं. सिनेमा म्हणजे काय ते मी तिला कुजबुजत समजावत होते, मागचे लोक आम्हाला गप्प करत होते आणि ती उठून चालायला लागली. मध्यंतरही झालं नव्हतं. घरी पोचलो तर तू शूटिंगवरून परतून ओट्यावर बसून भात-कालवण खात होतास. तिने तुझं डोकं चाचपलं, मान चाचपली, पाठीवरून हात फिरवला. तू हसत होतास. मग ती आत गेली आणि आतूनच म्हणाली, डबा टॉकीजमध्ये राहिला.

त्यानंतर तिने तुझं काम पाहिलं नाही. टीव्हीवर तुझा सिनेमा लागला की ती परसात जायची, कोंबड्यांना उगीचच दाणे टाकायची. तुला ते लागायचं. तू चेष्टेवारी न्यायचास, पण लागायचं. मला दिसत होतं.

मग ती साथ ओसरली, फाइटमास्टर थकले, तुझा गुडघा गेला, तू वाडीत परत आलास. हे सगळं मी एका वाक्यात उरकते कारण तूही ते तसंच उरकलंस. रडगाणं गायला नाहीस, ही तुझी मला आवडलेली गोष्ट.

गेल्या उपवासकाळात ऑस्टिनला जहाजावरून बोलावणं आलं. आपल्या गुड फ्रायडेच्या क्रुसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं करून दाखवणाऱ्या मिरवणुकीत, तो सलग तीन वर्षं येशू होता आणि मी ती वाट बसवते, म्हणजे लिहिते, शिकवते आणि ओरडते. आता आयत्या वेळी येशू कुठून आणू, या काळजीत मी होते. तू केळ्यांची फणी घेऊन आलास, ती टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, यंदा मला द्या. मी तुझं वय विचारलं. तू सांगितलंस. मी म्हटलं, प्रभू तेहतीस वर्षांचे होते. तू म्हणालास, केस काळे करतो.

मी फणी परत तुझ्याकडे सरकवली, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

"आय आता गेटाबाहेर येत नाही, टीचर. मिरवणूक तर आमच्या दारावरून जाते. तिने मला एकदा उठताना बघावं."

विचार करून सांगते असं मी म्हटलं. विचार वगैरे काही केला नाही. येशू तिसऱ्यांदा पडतो ते नववं स्थान मी तेव्हाच तुमच्या दारासमोर हलवलं होतं.

तालमीत मात्र तू माझा जीव मेटाकुटीला आणलास. पहिल्याच दिवशी तू पडलास आणि बघायला जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. फादरांचा चेहरा उतरला. प्रभूच्या पडण्यावर टाळ्या कशा चालतील? मग कळलं, की कोणी मारल्याशिवाय पडणं तुला पटतच नाही. तू शिपाई झालेल्या पोराला बाजूला घेऊन समजावत होतास, की तू नुसती लाथ उचल, लावू नकोस, मी पडतो. रोमन शिपायाने येशूला फिरून कराटेची लाथ मारलेली फादरांनी पाहिली आणि ते तडक ऑफिसात निघून गेले.

पडणं जमलं. उठणं जमेना.

तू पडायचास आणि पडूनच राहायचास. मी म्हणायचे, ऊठ. तू जमिनीवरूनच म्हणायचास, "कट म्हणा, टीचर." मी वैतागून कट म्हटलं, की तू उठून गुडघे झटकायचास, कमरेची दोरी वर ओढायचास आणि बसचा स्टॉप आल्यासारखा बाजूला व्हायचास. मी ओरडले तेव्हा तू समजावून सांगितलंस. त्या धंद्यात पडलेला माणूस हलला तर शॉट वाया. पुढे नायक चालत जात असतो, मागे पडलेल्याने श्वाससुद्धा हळू घ्यायचा. एकदा तापलेल्या पत्र्यावर पडलास आणि पाठ भाजली तरी हलला नाहीस. पडणाऱ्याला उठताना कोणी दाखवतच नाही, मग ते शिकणार कधी?

पुढच्या तालमीला मात्र तू घरून ठरवून आलास. पडलास, पाय आखडलेस आणि हात न लावता पाठीवरून उसळी मारून सरळ दोन पायांवर उभा. साठी उलटलेला माणूस. पोरांनी पुन्हा टाळ्या.

"प्लासिड," मी म्हटलं, "हा शुक्रवार आहे. पुनरुत्थान रविवारी."

तू एवढा खजील झालास, की मला हसू आवरेना. पण त्या दिवशी मला खरोखर वाटलं, हे होणार नाही. याला दोनच गोष्टी येतात, पडून राहणं आणि उसळी मारणं. ती दारात बसलेली बाई यातलं काहीच बघायची नाही.

गुड फ्रायडेला डांबर तापलं होतं. लोक पुष्कळ. चंदनसारहूनही आले होते, नव्या बिल्डिंगांतली माणसं मोबाइल वर धरून. काकीला जॉयसने दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. शिपायाने चाबूक उगारला आणि मला ज्याची भीती होती तेच झालं. काकीने तोंड फिरवलं, भिंतीकडे.

तू पडलास.

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. क्रूस रस्त्यावर आदळल्याचा आवाज तेवढा झाला. पलीकडच्या एका बाईने मोबाइल खाली घेतला. गायकांनी कडवं म्हटलं. तू उठायला हवा होतास. उठला नाहीस. त्यांनी बिचाऱ्यांनी तेच कडवं परत घेतलं. मी हातातले कागद आवळून दात-ओठ खात होते, कट म्हणावं की काय असं वाटायला लागलं. मग तुझे डोळे दिसले. उघडे होते आणि खुर्चीकडे लागले होते. तू माझ्यासाठी थांबला नव्हतास.

कडवं संपलं. त्या शांततेनेच बहुतेक, काकीने वळून पाहिलं.

तेव्हा तू उठलास. डावा तळवा जमिनीवर, मग गुडघ्यावर. अर्ध्यात थांबलास, पुढे जावं की नाही असा विचार करत असल्यासारखा. तो तुझा मोडका गुडघा थरथरत होता, ते नाटक नव्हतं. मग उरलेलं अंग, सावकाश, आणि त्याच्यावर क्रूस. थेरेसाकाकी रोज सकाळी पलंगावरून अशीच उठते. हे मी तुला शिकवलं नव्हतं.

काकीने तुला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"उठलास ना?" ती म्हणाली, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. "मग जा आता, डबा घेऊन ये."

लोकांना वाटलं म्हातारीला भ्रम झालाय. डोक्यावर काट्यांचा मुकुट, खांद्यावर क्रूस, आणि तू मान डोलावून म्हणालास, "जातो, आय." आणि दहाव्या स्थानाकडे चालायला लागलास. संध्याकाळी फादरांनी मला विचारलं, की हे संहितेत होतं का. मी सांगितलं, आई-मुलाची भेट चौथ्या स्थानावर ठरली होती, ती नवव्यावर झाली. फादर आणखी बोलले असते तर मीही बोलले असते.

तर तो डबा, प्लासिड.

तो राहिला त्या आठवड्यातच तू मला म्हणाला होतास, की मॅनेजरकडे जाऊन विचारायला लाज वाटते, तुम्ही बरोबर चला. मी म्हटलं, रविवारी जाऊ. रविवारी तुझं शूटिंग निघालं. पुढच्या रविवारी माझे पेपर तपासायचे होते. मग तुझं लग्न, माझी बदली. काकीने विचारायचं सोडलं नाही, आपण रविवार सांगायचे सोडले नाहीत.

ईस्टर झाल्यावर मात्र आपण खरंच निघालो. तू स्कूटर काढलीस, मी मागे बसले. डबा मिळालाच तर रिकामा कसा द्यायचा म्हणून आगाशीला सुकेळी घ्यायला थांबलो. तिथे ऊन फार झालं, तुझा गुडघा दुखायला लागला आणि आपण परत आलो. सुकेळी वाटेत आपणच खाल्ली. नवा डबा घेऊन त्यावर नाव घालून आणू, असं तू सुचवलंस. मी म्हटलं, झाकणाला पोचा होता, ती ओळखील.

काल ती मला विचारत होती, आणला का. टॉकीज पाडून तिथे टॉवर उभा आहे हे तिला तू सांगायचं की मी, ते आपलं अजून ठरलेलं नाही. खाली वॉचमन बसतो, त्याला विचारून तर बघू, असं तू म्हणतोस. मीही म्हणते. गेलो मात्र नाही.