आधी बांधायचं, मग कापायचं

म्हस्कू मारकडाची सुरी आणि म्हस्कूची जीभ, दोन्हींना सारखीच धार. इंदापूर तालुक्यातल्या त्याच्या गावात जत्रेचे बोकड सोलायला म्हस्कूच लागे. मेंढरं विकून बारा वर्षं झाली होती, आता तो लोणी देवकरला एका कंपनीच्या गेटवर बसायचा. पण हाताचं नाव शाबूत होतं. पोट उघडलं की तो आधी आतड्याची दोन्ही तोंडं सुतळीनं आवळायचा, मगच कापायचा. घाण मटणाला लागली की संपलं, आणि पित्ताची पिशवी फुटली तर सगळं कडूजहर. तीस वर्षांत आपल्या हातून पिशवी एकदाही फुटली नाही, हे तो कुणी न विचारताच सांगायचा.

न विचारता सांगायची त्याची दुसरी गोष्ट थोरल्या भावाची. तीन वर्षांपूर्वी बिरूदादाच्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. सही म्हस्कूनं केली. दीड महिन्यात दादा गेला. तेव्हापासून पारावर, गेटवर, लग्नाच्या मांडवात म्हस्कूचं एकच पालुपद: "गाठीला सुरी लागली, वारा लागला, की पसरती. झाकून हाय तवरच बरी." सुरी धरणारा माणूसच असं म्हणतो म्हटल्यावर ऐकणारे मान डोलवायचे. आपल्या सहीनं भाऊ गेला, हे मात्र त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. ते एकट्यानं सोसत राहिला.

यंदा चैत्रात त्याच्या बायकोच्या, बायडाबाईच्या, मोठ्या आतड्यात गाठ निघाली. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर राजलक्ष्मी म्हणाल्या, गाठ अजून एकाच जागी दिसतेय, लवकर काढून टाकू. म्हस्कू ताडकन उठला, आणि कधी कुणाला न सांगितलेलं बोलून गेला.

"एकदा सही करून भाऊ घालवला. आता बायकू न्हाय घालवायची."

डॉक्टर चिडल्या नाहीत. भावाचे कागद असतील तर घेऊन या, एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांनी नवराबायको खताच्या पिशवीत फाईल गुंडाळून परत आले. डॉक्टरांनी एकेक पान उलटलं आणि एका तारखेवर बोट ठेवलं.

"आबा, हा स्कॅन ऑपरेशनच्या आठ दिवस आधीचा. पोटात पाणी साचलं होतं, आतल्या पडद्यावर जागोजागी गाठी होत्या. आतडं तुंबलं म्हणून वाट करून द्यायला पोट उघडलं. सुरी लागायच्या आधीच रोग पसरला होता."

म्हस्कूनं ती तारीख स्वतः वाचली, पुन्हा वाचली. तीन वर्षं उरावर असलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला झालं. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग त्याच्यातला जुना कारागीर जागा झाला.

"पर गाठ काढताना आत काय सांडत न्हाय व्हय?"

"कधी कधी सांडतं," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून गाठीला हात कमीत कमी लावायचा. रक्ताच्या नसा, आतडं, सगळं आधी बांधायचं, मग कापायचं. शेवटी पोट धुवायचं."

"किती पाण्यानं?"

डॉक्टर हसल्या. "अगदी हाच प्रश्न आहे. जास्त पाण्यानं धुतलं तर पसरणं थांबतं का, हे अजून ठाऊक नाही. त्यावर आमचं संशोधन चालू आहे. काहींना नेहमीसारखं धुतो, काहींना जास्त. कुणाला कसं, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. त्यात नाव नाही दिलंत तरी ऑपरेशन होईलच."

ठाऊक नाही असं सांगणारा डॉक्टर म्हस्कूनं पहिल्यांदाच पाहिला. या बाईवर त्याचा विश्वास बसला तो तिथंच.

डॉक्टर बायडाबाईंकडे वळल्या. "मावशी, दुखायला कधीपासून लागलं?"

"दिवाळीपासनं."

"आगं, पाच म्हैनं?" म्हस्कू ओरडलाच. "बोलली का न्हाईस?"

बायडाबाईंनी पदर सारखा केला. "काय बोलू? दाखवलं की कापत्यात, कापलं की पसरतं. तुमीच सांगत हुता की समद्या गावाला."

म्हस्कूची मान खाली गेली. गावानं त्याचं बोलणं ऐकून सोडून दिलं असेल. घरातल्या बाईनं ते खरं मानून पाच महिने दुखणं गिळलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

डॉक्टरांनी दोन कागद पुढे सरकवले, एक ऑपरेशनचा, एक संशोधनाचा. म्हस्कूनं पेनाला हात घातला तशा त्या म्हणाल्या, "सही मावशींची लागते, आबा."

बायडाबाईंनी पेन घेतलं, पण कागदाला टेकवलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"डॉक्टरीणबाईंचं ऐकलं म्या. आता तुमचं सांगा. हे काम तुमच्या हातात असतं, तर तुमी सुरी लावली असती का?"

म्हस्कू आपल्या हातांकडे बघत राहिला.

"लावली असती," तो म्हणाला. "आधी बांधून. पर लावलीच असती. दिवाळीलाच लावली असती."

बायडाबाई खाली वाकल्या आणि दोन्ही कागदांवर सावकाश आपलं नाव लिहू लागल्या.