आर्विदच्या जळवा

आमच्या गावात कुणाचं फार कौतुक करायचं झालं तर 'वाईट नाही' म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आर्विद क्लेप्पे तेवढंही म्हणत नाही. पस्तीस वर्षं त्यानं रस्त्यावरचा बर्फ काढायचा सरकारी ट्रक चालवला, सगळा हिवाळा एकट्यानं काढला, तिथेच त्याची बोलायची सवय मोडली असं माझी बहीण आर्डिस म्हणते. मला विचाराल तर मोडायला ती मुळात नव्हतीच.

एका विषयावर मात्र तो बोलायचा आणि मग आवरायचा नाही. आमच्या तळ्यातला वॉलाय मासा कुठल्या आमिषाला भुलतो, हा तो विषय. आर्विदचं उत्तर एकच, जळू. जिवंत, काळी, बोटाएवढी, वळवळणारी. माझं गावात हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्यातली एक अख्खी भिंत नकली आमिषांची होती: शिशाच्या डोक्याची, रबरी शेपटीची, रंगवलेल्या लाकडाची. तेव्हा माझं मत काय असणार हे उघड आहे.

"मासा मूर्ख आहे का? रबर खाईल?" तो विचारायचा.

"चर्चच्या जेवणात तू हॅम खातोसच की," मी म्हणायचो.

"ते मरताना तरी जिवंत होतं."

तीस वर्षं दर नाताळला मी त्याला एकेक नकली आमिष भेट दिलं. आर्डिस त्यांचे गळ काढून टाकायची आणि ती आमिषं नाताळच्या झाडाला टांगायची. झाड सुंदर दिसायचं, पण माझा अपमान काही कमी व्हायचा नाही.

आर्विदच्या जळवा फ्रिजमध्ये राहायच्या, आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात. आमच्याकडे आइस्क्रीम संपतं पण डबा संपत नाही. त्यात सूप जातं, खिळे जातात, शेजारणीला द्यायची रूबार्बची आंबट देठं जातात आणि जळवाही जातात. म्हणून आर्डिस प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून ठसठशीत अक्षरात लिहायची. पन्नास वर्षं जळवा आणि दही एका कप्प्यात राहिले, पण एकदाही अदलाबदल झाली नाही.

गेल्या शरदात आर्विदचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, यावर फारसं औषध नाही. आधी कप बशीत वाजायला लागला, तेव्हा त्यानं बशी घेणं सोडलं. मग शर्टाची बटणं गेली, त्यांच्या जागी चेन आली. आम्ही कुणी काही बोललो नाही. न बोलण्यात आमचं गाव वस्ताद आहे.

बोलली ती जोलीन, त्यांची मुलगी. दुलुथ शहरात एका शाळेत मुख्याध्यापिका आहे, पन्नाशीची, आणि घरीसुद्धा हजेरी घेते. ईस्टरला आली, बापाला जाकिटाच्या चेनशी झटापट करताना तिनं पाहिलं आणि जेवण झाल्यावर टेबलाशीच विषय काढला.

"बाबा, मे महिन्यात पाणी बर्फासारखं असतं. हात सटकला, तोल गेला, तर तुम्हाला बाहेर कोण काढणार? वेंडेल मामा?"

"मला कशाला मधे घेतेस," मी म्हणालो.

"मामा, तुम्हालाच बाबांनी दोनदा बाहेर काढलंय."

हे खरं होतं, म्हणून मी कॉफीत लक्ष घातलं.

"तुझं म्हणणं काय आहे?" आर्विदनं विचारलं.

"मासेमारीचा मोसम उघडतो त्या शनिवारी मी होडीत येते. मोटर, गळ, आमिष, मासा वर घेणं, सगळं तुमचं तुम्ही करायचं. मामांनी हात लावायचा नाही. जमलं तर होडी तुमची. नाही जमलं तर मी ती दुलुथला घेऊन जाणार, आणि तुम्ही धक्क्यावर बसून मासे धरायचे."

धक्क्यावर लहान मुलं आणि पाहुणे बसतात. आर्विदनं टेबलावरचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे." मला त्या पोरीचा राग आला. राग आला कारण तिचं बरोबर होतं.

मोटर त्याला जमणार होती, ती दोरी खांद्याच्या जोरानं ओढून सुरू होते. माशाच्या तोंडातून गळ काढायला पक्कड असते, ती मुठीत धरता येते. अडचण जळूची होती. जळूच्या जाड टोकातून गळाचं अणकुचीदार टोक जेमतेम घालायचं, म्हणजे ती पाण्यात मोकळी वळवळते. जळू बुळबुळीत, गळ बारीक आणि बोटं थरथरणारी. एप्रिलभर आर्विदच्या बोटांवर औषधी पट्ट्या दिसत होत्या. "गुलाब कापत होतो," तो म्हणायचा. आमच्याकडे एप्रिलमध्ये गुलाबाच्या जागी अजून बर्फाचा ढीग असतो.

त्या शनिवारी पहाटे मी त्यांच्या स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा आर्डिस गाऊनवरच कॉफी ओतत होती. दुपारी चर्चमध्ये मातृदिनाचं जेवण होतं. ते दरवर्षी मोसमाच्या याच शनिवारी ठेवतात, कारण त्या दिवशी सगळे पुरुष तळ्यावर असतात आणि आया-बायकांच्या मधे कुणी येणार नसतो. आर्डिसचं गोड सूप तिथे नेहमी असतं: सुके आलुबुखार, बेदाणे, दालचिनी आणि साबुदाणा. फ्रिजमध्ये दोन पांढरे डबे शेजारी होते. एकावर 'चर्च' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'जळवा'.

आर्विदनं जळवांचा डबा उचलला आणि दारात क्षणभर थांबला. मला वाटलं पाठ धरली. मग तो होडीकडे चालायला लागला.

वारा पश्चिमेचा होता आणि बोचत होता. मोटर दुसऱ्या ओढीला सुरू झाली. जोलीन मधल्या फळीवर बसली होती आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधले भाव होते. ओढा तळ्याला मिळतो तिथल्या उथळ वाळूवर आर्विदनं नांगर टाकला, गळ तयार केला, डबा गुडघ्यांत धरला आणि झाकण उघडलं.

डब्यात आलुबुखार तरंगत होते. आर्विदनं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जोलीन वाकली.

"बाबा, हे गळाला लावायचं की वाटीत घ्यायचं?"

"आईनं पट्ट्या चुकवल्या वाटतं," आर्विद म्हणाला.

"म्हणजे चर्चमध्ये..." जोलीन म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. आम्ही तिघंही थोडा वेळ चर्चचा विचार करत बसलो.

परत जाऊन जळवा आणायच्या तर सकाळचे चांगले दोन तास वाया जाणार होते, आणि वॉलाय उन्हं चढली की खोल पाण्यात निघून जातो. मी माझी नकली आमिषांची पेटी पुढे सरकवली. कबूल करतो, या क्षणाची मी तीस वर्षं वाट पाहत होतो. चेहरा गंभीर ठेवायला मला फार कष्ट पडले.

"यातलं कमी भडक कुठलं?" आर्विदनं विचारलं.

"हे पोपटी."

"हे कमी भडक?"

"बाकीची बघ की."

त्यानं पाहिली आणि पोपटी घेतलं. शिशाचं गोल डोकं आणि मागे पातळ रबरी शेपटी, बस. त्याच्या दोरीच्या टोकाला मोठी क्लिप होती, तिच्यात ते नुसतं अडकवायचं होतं. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा हातातून पडलं आणि होडीच्या तळाशी ठणकन वाजलं. माझा हात आपोआप पुढे गेला.

"मामा," जोलीन म्हणाली.

मी हात खिशात घातला. तिसऱ्यांदा क्लिप लागली. जोलीन तळ्याकडे बघतच नव्हती, ती त्याच्या हातांकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. आता होडी गेली असं मला वाटलं. या माणसाबरोबर मी एकेचाळीस मोसम भांडलो होतो. धक्क्यावर बसलेल्या माणसाशी कसला वाद घालणार?

आर्विदनं पोपटी तुकडा तळाला टेकू दिला आणि वीतभर वर घेतला. गळाची काठी दोन्ही हातांनी धरली. काठीचं टोक बारीक बारीक थरथरत होतं. एवढ्यात ते एकदम खाली वाकलं.

पहिला वॉलाय दोन किलोंच्या वर होता. आर्विदनं तो सावकाश खेळवला, जाळी स्वतः खाली घातली, पक्कड मुठीत धरून गळ काढला. सगळ्याला वेळ लागला, पण तळ्यावर घाई कुणाला असते? दुसरा दहा मिनिटांत आला. मग तिसरा. मीही पोपटीच लावलं होतं, त्याच खोलीवर, त्याच्यापासून दोन हातांवर. मला काही लागेना.

मनगट कसं हलवायचं हे मी दुकानात निम्म्या जिल्ह्याला शिकवलंय. उचला, सोडा, थांबा. त्या सकाळी मी उचललं, सोडलं, थांबलो, आणि मला माझ्या तळहाताएवढा एक पर्च मासा लागला. जोलीनला तोही नाही. चौथ्या माशानंतर तिनं तिची काठी खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही मनगट नेमकं कसं हलवताय?"

"मी नाही हलवत."

"टोक तर सारखं हलतंय."

"ते आपलं आपण हलतं," आर्विद म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "ऑक्टोबरपासून."

हात थरथरतात हे तो पहिल्यांदाच तोंडानं बोलला होता. जोलीननं काठीच्या टोकाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. रबरी शेपटी खाली तळाजवळ कशी दिसत असेल ते आता आम्हा तिघांनाही कळलं होतं. असली बारीक, न थांबणारी थरथर मी चाळीस वर्षं सराव करूनही आणू शकलो नसतो. जोलीननं मुद्दाम हात थरथरवून पाहिला. तिची काठी कुणी भुतानं झपाटल्यासारखी हलायला लागली आणि आर्विद हसला. तो आवाज न करता हसतो, फक्त खांदे हलतात. मग तिलाही हसू आलं आणि तिनं नाक पुसलं. वारा होता, पण नाक पुसावं इतका नव्हता.

परवानगी माणशी सहा माशांची असते. साडेआठला आर्विदचे सहा झाले होते.

धक्क्यावर जोलीननं होडीचा दोर बांधला आणि वर न बघता म्हणाली, "लाइफ जॅकेट घालायचं. रोज. आणि मामांशिवाय जायचं नाही."

"मामाशिवाय गेलो तर जास्त शांतता मिळेल," आर्विद म्हणाला.

"बाबा."

"घालतो जॅकेट."

"मग राहू दे होडी इथेच," ती म्हणाली आणि दोराला आणखी एक गाठ मारली.

दुपारी आर्डिस चर्चमधून परत आली तेव्हा मी स्वयंपाकघरात मासे तळायला पीठ आणि मीठ शोधत होतो. तिच्या हातात तो जळवांचा डबा होता. पाद्र्याच्या बायकोनं पळी बुडवली, ढवळलं, वाटीत ओतलं आणि मग चष्मा लावला, असं आर्डिसनं सांगितलं. दोन खुर्च्या उलथल्या. नव्वदीच्या मिसेस टोर्गर्सन मात्र डब्यात डोकावून म्हणाल्या की जळवा चांगल्या पोसलेल्या आहेत.

"पन्नास वर्षांत पहिली चूक," मी म्हणालो. "होतं कधी कधी."

आर्डिसनं दार लावून घेतलं.

"वेंडेल, मी डबा चुकेन असं तुला वाटतं? एप्रिलभर तो गॅरेजमध्ये बसायचा. एक जळू लावायला पाऊण तास. बोटांतून रक्त यायचं, पुसायचा आणि परत लावायचा. मी खिडकीतून बघायचे. पोरीसमोर तसं व्हायला नको होतं. तुझी पेटी होडीत असते हे मला माहीत होतं, म्हणून रात्री पट्ट्या बदलल्या."

"पण मग जळवा चर्चमध्ये नेल्यास कशाला? घरी ठेवायच्या."

"अशी कशी ठेवू? घरी राहिल्या असत्या तर त्याला कळलं असतं की मुद्दाम केलं." ती पीठ चाळायला लागली. "त्याला सांगू नकोस."

माझी बहीण त्या चर्चची जेवणाची प्रमुख आहे. गोड सुपासाठी तिचं नाव चार गावांत घेतात. यापुढे ते कशासाठी घेतील ते उघड होतं. मी मासे साफ करायला बाहेर गेलो. आम्हा दोघांत ज्याचे कमी, त्यानं साफ करायचे, हा आमचा जुना नियम आहे.

आर्विद शेडपाशी उलट्या बादलीवर बसून गोड सूप खात होता, सरळ डब्यातून. मी सुरीला धार लावली.

"डबा उचलला तेव्हाच कळलं," तो म्हणाला.

"काय कळलं?"

"जळवांचा डबा हलका असतो. पाणी हिंदकळतं. हा जड होता, आत साबुदाणा."

"मग दारातच का नाही बोललास? बदलून घेतला असतास."

त्यानं चमच्यानं एक आलुबुखार वर काढला. चमचा थरथरत होता, पण आलुबुखार पडला नाही.

"आर्डिस रात्री उठली होती, मला दिसली. गार फरशीवर अनवाणी उभी राहून पट्ट्या लावत होती. तिचे गुडघे दुखतात. मग मी का तिची मेहनत वाया घालवू?" त्यानं आलुबुखार खाल्ला. "तिला सांगू नकोस."

मी आजवर दोघांनाही सांगितलेलं नाही. मी लिहिलेलं त्या घरात कुणी वाचत नाही, म्हणून इथे सांगायला हरकत नाही. त्या दिवशी पहिला मासा चिरून झाला, आणि मग आर्विदनं माझ्या पेटीकडे मान वळवून विचारलं, "ते पोपटी, अजून आहे का एखादं?"