गस्तीची बोट आणि डावा खांदा

आमच्या बंजारा तांड्यात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. वारंगा फाट्यावर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांकडून मुंबई ऐकलेली, तेवढंच. नव्वदच्या दशकात मी नौदलाच्या गस्ती बोटीवर लागलो. सुट्टीला आलो की फाट्यावरच्या हॉटेलात ठरलेली चौकशी व्हायची, त्या नावेत झोपता कुठं? मी म्हणायचो, ती झोपायला नाही, मारायला बनवलीय. लोक हसायचे, पण खरं तेच होतं.

लांबट, अरुंद पोलादी बोट. वजन कमी राहावं म्हणून वरचा भाग ॲल्युमिनियमचा. पुढे तोफ, पोटात डिझेल इंजिनं, आणि त्यांना जागा देऊन जी उरेल ती माणसांची. लाटा बाहेर फेकल्या जाव्यात म्हणून नाकाजवळच्या दोन्ही बाजू वर रुंद आणि खाली आत वळलेल्या. पळायला झकास. मात्र वर सुकाणूपाशी उभ्या असलेल्याला आपल्याच बोटीच्या कडेखालचं पाणी दिसत नसे. ज्यानं आराखडा काढला त्याला त्या कडेखाली कधी माणूस असेल असं वाटलंच नसावं. तरी सांगतो, मला त्या बोटीचं वेड होतं. तिनं वेग घेतला की माझ्या अंगात वारं भरायचं.

मला मुलगा झाला त्या वर्षीची गोष्ट. होळी जवळ आली होती. एक संशयित लाकडी बोट काही केल्या थांबेना. कर्ण्यावरून ओरडून झालं, शेवटी तिच्यापुढच्या पाण्यात तोफ डागली, तेव्हा कुठे थांबली. आम्ही तिच्या कडेला कड लावली. मी उडी मारायला वाकलो एवढ्यात तिच्यावरच्या एकानं लोखंडी आकडा माझ्या पाठीत हाणला. माझ्या जोडीदारानं बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर घातला. त्याचे दात तुटल्याचं मी ऐकलं. तोल जाऊन तो दोन बोटींच्या मधल्या फटीत कोसळला आणि आमच्या एका दोराला लोंबकळत राहिला.

मी पालथा पडून डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. का धरलं, विचारू नका. जरा आधी त्याची मान मोडावी असं वाटत होतं. बोट मागे घ्या म्हणून मी घसा फाडून ओरडलो. इंजिनांच्या आवाजात कोण ऐकणार, आणि वरून तर काही दिसतच नव्हतं. लाट आली आणि दोन्ही बोटी एकमेकींवर आदळल्या. त्याच्या बरगड्या मोडल्या, ते मला त्याच्या मनगटातून कळलं. त्याच्या ओझ्यानं माझा खांदा निखळला आणि मनगट सुटलं. पाणी लाल झालं, पुढच्या लाटेनं ते धुऊनही गेलं.

जोडीदारानं तिथंच काखेत पाय रोवून माझा खांदा जागेवर बसवला. मी डॉक्टरला काही सांगितलं नाही. हात वर जात नाही हे कळलं असतं, तर मला बोटीवरून उतरवून किनाऱ्यावरच्या कोठारात साबण वाटायला बसवलं असतं. सुट्टी मंजूर होतीच. थोडे दिवस धक्का लागला नाही की हात बरा होईल, कोणाला कळणार नाही, असं ठरवून मी घरी आलो.

बायकोनं पहिल्याच संध्याकाळी ओळखलं. लेकरू द्यायला आली तर मी एकच हात पुढे केला. तिनं सदरा काढायला लावला, काळानिळा खांदा पाहिला, आणि मला सगळं सांगावं लागलं. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, इथे मराठीत सांगतो.

"तुमी त्या फटीत पडले असते, तं वरच्याला दिसलं असतं का?"

"न्हाई."

"आन् पुन्हा तिथंच जानार?"

"व्हय."

"काहून?"

"आवडतं मला."

ते तिला झोंबलं. लेकराला छातीशी धरून ती चुलीकडे वळली. मला वाटलं, विषय मिटला.

धुळवडीला पोराची धुंड होती. वर्षभरात मुलगा झाला की आमच्यात हा सोहळा करतात. गोडधोडाचं भांडं दोरानं खुंटाला बांधायचं, भोवती बायका काठ्या घेऊन उभ्या, आणि पुरुषांनी मार खात ते पळवायचं. त्या दिवशी बाईनं कितीही मारलं तरी पुरुषानं हात उचलायचा नाही. आमच्या तांड्यात लेकराच्या बापानं सर्वांत आधी घुसायचं असतं. मागे राहिलो असतो तर लोक म्हणाले असते, तिकडं तोफा उडवतो आणि इथं बायकांना भितो. गेलो.

डफ वाजत होते. मांड्यांवर, पिंढऱ्यांवर काठ्या बसत होत्या, कातडी सोलून निघत होती. सगळ्यांच्या काठ्या कमरेखाली, बायकोची तेवढी वर गेली. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, खांद्याकडे बघत होती. मी मान हलवून नको म्हटलं. तिनं मारली. मी गुडघ्यावर आलो, तर तिनं पुन्हा त्याच जागी मारली. हाड मोडलेलं डफांच्या गलक्यातही मला ऐकू आलं. ती काठी आणखी उचलत होती, तेव्हा माझ्या आईनं तिला मागून कवळ घातली.

नांदेडच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. तांडा म्हणाला, बिचारीकडून चुकून लागलं. चारचौघांत तीही डोळे पुसायची. एकदा खाटेपाशी आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं, "जरा जपून मारता येत न्हाई?"

"जपूनच मारलं," ती म्हणाली. "डोकं वाचवून मारलं."

तिनं भाकरीचा घास माझ्या तोंडापुढे धरला. तो तिच्या अंगावर थुंकावा असं वाटलं, पण भूक लागली होती, खाल्ला.

"रागवा," ती म्हणाली. "जल्मभर रागवा. मी ऐकून घेईन."

बोट माझ्याशिवाय गेली. उरलेली नोकरी मी कोठारात काढली, दोन हजार सालानंतर पेन्शन घेऊन घरी आलो. हात अजून खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना कळ आली की मी तिच्यावर ओरडतो, आणि ती बाही धरून उभी राहते आणि ऐकून घेते.