थोरलीची वाफ आणि माझी शब्दावली

ज्या वस्तूवर माझं पोट चालतं, तिला काय म्हणायचं यावर दोन माणसांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. पुस्तिकेत ती 'ऑपरेटर इंटरफेस' असते. आमचा सेल्सवाला तिला 'स्काडा' म्हणतो, कारण तसं म्हटलं की भाव वाढतो. माझी आई बोरिवलीतल्या शेजारणींना 'कारखान्याचं अ‍ॅप' असं सांगते. आणि जी माणसं पाळीभर तिच्यासमोर उभी राहतात, ती तिला सरळ टीव्ही म्हणतात. कारखान्यातल्या टाक्या, पंप, झडपा यांची चित्रं स्क्रीनवर दिसतात, चित्रावर बोट ठेवलं की खरा पंप चालू होतो, काही बिघडलं की भोंगा वाजतो. एवढंच ते प्रकरण, आणि मरोळच्या एका गाळ्यात बसून मी ते बनवते.

विक्रोळीतल्या केसांच्या तेलाच्या एका कारखान्याचं काम आलं तेव्हा तिथल्या मॅनेजरने एक अट घातली. ऑपरेटर सगळे मराठी, तेव्हा स्क्रीनही मराठीत हवी. मी तर उडीच मारली. शाळेत मराठीत पहिली यायचे, त्याचा माज अजून उतरलेला नव्हता. शनिवार-रविवार कोश घेऊन बसले आणि सोमवारी शब्दावली तयार. सेटपॉइंटला, म्हणजे तेल किती तापवायचं त्या आकड्याला, 'निर्धारित मूल्य'. तेल घुसळणाऱ्या पंख्याला 'विलोडक'. भोंगा वाजल्यावर 'कळलं, बघतो' म्हणून जे बटण दाबायचं, त्याला 'अधिस्वीकृती'. ऑफिसातला मित्र म्हणाला, हे चालवायला ऑपरेटर नको, शास्त्रीबुवा लागतील. मी त्याला म्हटलं, तुझं मराठी व्हॉट्सअ‍ॅपपुरतं आहे, तू गप्प बस.

कारखान्यात जुनं पॅनेल होतं, भिंतीवरचं लोखंडी कपाट, दिवे आणि बटणांनी भरलेलं. त्यावरची मूळची नावं कधीच पुसली होती आणि ऑपरेटरांनी चिकटपट्ट्या लावून आपली नावं लिहिली होती. मोठी टाकी 'थोरली', छोटी 'धाकटी'. पंखा म्हणजे 'घुसळ'. भोंग्याच्या दिव्याला 'बोंब' आणि तो बंद करायच्या बटणाला 'गप'. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हसण्याच्या चार बाहुल्या टाकल्या. पुढच्या आठवड्यात पॅनेल उखडून भंगारात गेलं आणि माझी स्क्रीन बसली.

ऑपरेटर तीन. दोघे तरुण, आणि एक काका, मूळचे मालवणकडचे, राहायला मानखुर्दला. या कारखान्यात त्यांचे केस काळ्याचे पांढरे झाले होते, तेलाचा काही उपयोग न होता. हा विनोद त्यांचाच. मी दोन दिवस तिघांना शिकवलं. काका प्रत्येक शब्दाला मान हलवत होते आणि कागदावर काहीतरी टिपत होते. समजलं ना, असं विचारलं की म्हणायचे, होय तर.

मग आठवड्याभराने मॅनेजरने परीक्षा ठेवली. प्रत्येकाने एकट्याने एक घाणा, म्हणजे टाकीभर तेल, काढून दाखवायचा. जमलं नाही तर स्क्रीन सोडायची आणि पॅकिंगला जायचं, म्हणजे दिवसभर बाटल्यांना बुचं लावायची. तरुण दोघे पास झाले. त्यांनी माझा एकही शब्द वाचला नव्हता, हे मला नंतर कळलं. हिरवं दिसलं की दाबायचं, लाल दिसलं की थांबायचं.

काकांनी मात्र वाचलं. एकेक शब्द, ओठ हलवत. वाफेवर तेल तापायला लागलं. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असताना काकांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "थोरलेक वाफ जास्त जाता हा." मी वाफेचा आकडा पाहिला, मर्यादेच्या आतच होता. पण काही क्षणांत तो चढला आणि भोंगा ओरडायला लागला. काकांचा हात झटकन उजवीकडे गेला, जिथे वाफेचं बटण असायचं. तिथे आता रंग उडालेली भिंत होती आणि बोल्टची चार भोकं. हात तसाच भिंतीवर राहिला. मग ते स्क्रीनकडे वळून वाचायला लागले, "पात्र क्रमांक एक, बाष्प पुरवठा, उच्च मर्यादा..." ते 'उल्लंघन' या शब्दापर्यंत पोचायच्या आत मीच पुढे होऊन वाफ बंद केली. तेल करपता करपता वाचलं.

मॅनेजरने त्यांच्या नावापुढे नापास लिहिलं. काका घाम पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. मला आधी त्यांचाच राग आला. दोन दिवस माना कशाला हलवल्या? मग रिक्षात बसल्यावर ती भिंत आठवली आणि राग फिरून माझ्याच अंगावर आला. त्या माणसाला भोंग्याच्या आधी कळलं होतं. सगळ्या खोलीत एकट्यालाच. आणि माझ्या शुद्ध मराठीने त्याचे हात बांधून ठेवले होते. रिक्षा मरोळ नाक्यावरून परत फिरवली.

मॅनेजरला म्हटलं, माणूस पास आहे, स्क्रीन नापास झाली आहे. तो म्हणाला, हे लेटरहेडवर लिहून द्या. मी दिलं. आमच्या बॉसने त्यावर मला काय काय ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. मग मी ग्रुपवरचा तो फोटो शोधून काढला, मोठा केला, आणि चिकटपट्ट्यांवर जे होतं ते जसंच्या तसं स्क्रीनवर घातलं. वाफेचं बटण उजव्या कडेला, जिथे हात जातो तिथे.

पुढच्या सोमवारी काकांनी घाणा काढला. बोंब झाली, त्यांनी न बघता गप दाबलं, थोरलीची वाफ कमी केली, आणि मध्येच मॅनेजरला विचारलं की चहा सांगू का. नापासवर काट मारून पास लिहिलं गेलं.

मी निघाले तेव्हा काका गेटपर्यंत आले. खिशातून शाळेची असते तशी एक वही काढली. प्रत्येक पानावर माझे शब्द. अधिस्वीकृती दहा वेळा, विलोडक दहा वेळा, थरथरत्या अक्षरात. त्यांची बायको रोज संध्याकाळी भाकऱ्या भाजता भाजता त्यांचं पाठांतर घ्यायची म्हणे. परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या पानावर तिने लाल पेनाने दहापैकी दहा दिले होते. मला लाज वाटली.

"मॅडम," काकांनी हळूच विचारलं, "आता ह्यां सगळां इसारलंय तर चलात मां?"