आईचा फोन आला, पण बाबा बोलत नाहीत

मंडळी, वादळ होऊन गेल्यापासून चार दिवस दापोलीजवळच्या आमच्या गावी फोनच लागत नव्हता. आज सकाळी राहवेना, म्हणून कोथरूडहून थेट स्वारगेट गाठलं. तिकिटाच्या रांगेत असतानाच आईचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून ती शेजाऱ्यांचा मोबाईल घेऊन टेकडी चढली होती.

"आम्ही धड आहोत गं. कौलं उडाली, सुपारीची बाग सगळी आडवी झाली."

"बाबांना दे ना."

"ते खाली बागेतच बसलेत. कालपासून एक शब्द बोलले नाहीत."

आता एसटीत बसून लिहितेय. नव्या सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत. समोर गेल्यावर त्यांच्याशी पहिलं वाक्य काय बोलू? तुम्ही काय बोलला असतात?